डोक्याला मार लागलेला रुग्ण : तालुक्याच्या रुग्णालयातले पहिले दोन तास

"गोव्याक नेवचो काय कोल्हापुराक?" सिंधुदुर्गात डोक्याला मार लागलेला माणूस स्ट्रेचरवर असतानाच नातेवाइकांचा हा प्रश्न येतो. कॅज्युअल्टीत बसलेल्या नव्या मेडिकल ऑफिसरच्या मनातही तोच घोळत असतो. न्यूरोसर्जन हाकेच्या अंतरावर नसतो, म्हणून 'मॅनिटॉल (डोक्यातला दाब उतरवणारं औषध) लाव, चिठ्ठी लिही, गाडी बोलव' हा शिरस्ता पडलेला आहे. या तिन्ही गोष्टी कधी ना कधी कराव्या लागतातच. पण त्याआधी जे करायचं, ते तालुक्याच्या रुग्णालयात सहज होण्यासारखं आहे आणि रुग्णाचं पुढे काय होणार हे बरंचसं त्यावरच ठरतं. हा लेख ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालेले डॉक्टर, सिस्टर आणि १०८ वर काम करणाऱ्यांसाठी आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. माडावरून माणूस खाली आला, महामार्गावर आडव्या आलेल्या गुरांवर दुचाकी आदळली किंवा ट्रॉलरवर विंचचा दोर तुटून खलाशाच्या डोक्यात बसला, की त्या क्षणी मेंदूची जी हानी झाली ती झाली. ती कुणालाच उलटवता येत नाही, मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयालाही नाही. पण त्यानंतरच्या तासांत मेंदूला दुसरी इजा होते. प्राणवायू कमी पडतो, बीपी पडतं, रक्ताची गुठळी वाढते, सूज चढते. कवटी ताणत नाही, त्यामुळे आत काही वाढलं की दाब चढतो आणि मेंदूत शिरणारं रक्त कमी होतं. अमेरिकेतल्या ट्रॉमॅटिक कोमा डेटा बँकेचे १९९३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अजूनही सगळीकडे शिकवले जातात. गंभीर मार लागलेल्या रुग्णाचं वरचं बीपी एकदा जरी ९० च्या खाली गेलं, तरी मृत्यूचं प्रमाण दुपटीच्या घरात जातं. आपली सगळी लढाई या दुसऱ्या इजेशी आहे, आणि तिच्यासाठी ऑक्सिजन, सक्शन, सलाइन आणि जागं डोकं एवढं सामान लागतं.

दारातून आत येताना

बेशुद्ध माणूस रिक्षात किंवा टेम्पोत मुटकुळं करून आणलेला असतो. तिघे-चौघे त्याला काखेत धरून ओढायला लागतात. तिथेच थांबवा. डोक्याला जोराचा मार म्हणजे मानेलाही मार, असं सीटी स्कॅन होईपर्यंत धरून चालायचं. एकाने डोकं दोन्ही हातांत धरायचं, बाकीच्यांनी अंग एका रेषेत ठेवून उचलायचं आणि 'एक, दोन, तीन' डोकं धरणाऱ्यानेच म्हणायचं. मानेची कॉलर नसेल तर टॉवेलच्या दोन गुंडाळ्या किंवा सलाइनच्या दोन भरलेल्या बाटल्या कानांच्या बाजूला ठेवून कपाळावरून चिकटपट्टी ओढा. कॉलर असेल तर ती गळा आवळणारी नको. मानेच्या शिरा दाबल्या की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही आणि आतला दाब वाढतो.

मग श्वास. घशात रक्त, उलटी, तुटलेला दात असतो, सक्शन आधी. जबडा पुढे ओढा, मान मागे वाकवू नका. तोंडातून एअरवे (जीभ मागे पडू न देणारी वाकडी नळी) घालून पाहा. तो बिनतक्रार घेतला म्हणजे घशाचं संरक्षण गेलेलं आहे, हीसुद्धा एक तपासणीच झाली. नाकातून काहीही घालू नका. कवटीचा तळ फुटलेला असेल तर नळी वर मेंदूकडे जाऊ शकते. रायल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) घालायचीच असेल तर तोंडातून. ऑक्सिजन रिझर्व्हॉयर मास्कने मिनिटाला १० ते १५ लिटर द्या. सॅच्युरेशन (रक्तातल्या प्राणवायूची टक्केवारी) ९४ च्या वर हवं, ९० च्या खाली क्षणभरही जाऊ द्यायचं नाही.

जीसीएस (शुद्ध मोजायचा ग्लासगो कोमा स्केल, पुढे सविस्तर येईल) ८ किंवा कमी असेल तर श्वासनलिकेत नळी घालायला हवी, हे पुस्तकात असतं. पण कुणी? हात बसलेला माणूस हजर असेल तर जरूर घाला. आधी नीट ऑक्सिजन भरा, बीपी पाडणारी औषधं टाळा. केटामाइन या भुलीच्या औषधाने डोक्यातला दाब वाढतो ही भीती आता जुनी झाली. बीपी डळमळीत असलेल्या रुग्णाला ते सोयीचंच पडतं. हात बसलेला नसेल तर तीन-तीनदा प्रयत्न करत बसू नका. प्रत्येक प्रयत्नात सॅच्युरेशन ६०-७० वर येतं आणि जे टाळायला निघालो तेच आपण करतो. चांगला बसलेला मास्क, ॲम्ब्यू (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि सक्शन यांवर माणूस तासभर नीट राहतो.

ॲम्ब्यूबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे चांगली माणसंसुद्धा चुकतात. घाबरलेल्या हातात पिशवी मिनिटाला तीस वेळा दाबली जाते. त्याने कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच रक्त कमी पडत असलेल्या मेंदूला आणखी कमी मिळतं. मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांना एक श्वास, म्हणजे मिनिटाला दहा. दाबणाऱ्याला मोठ्याने आकडे मोजायला सांगा. मेंदू खाली सरकल्याची उघड लक्षणं दिसत असतील तरच थोडा वेळ वेग वाढवायचा.

जीसीएस : आकडा नको, तीन आकडे हवेत

ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली ही मोजपट्टी दिली. इतकी वर्षं ती टिकली, कारण तिला यंत्र लागत नाही. तरीही रेफरल चिठ्ठ्यांवर 'जीसीएस ९' एवढंच लिहिलेलं येतं आणि त्यावरून पुढच्याला काहीच कळत नाही. डोळे, बोलणं आणि हालचाल असं तीन भागांत लिहा, ई२ व्ही२ एम५ असं.

डोळे आपोआप उघडे ४, हाकेला उघडले ३, दुखवल्यावर २, नाहीच १. बोलणं शुद्धीचं ५, गोंधळलेलं ४, सुटे शब्द ३, नुसतं कण्हणं २, काही नाही १. हालचालीत सांगितलेलं केलं ६, दुखवल्या जागी हात नेला ५, हात ओढून घेतला ४, कोपर आणि मनगट विचित्र वाकवून छातीवर आणलं ३, हातपाय ताठ केले २, काही नाही १. दोन बाजूंचा प्रतिसाद वेगळा असेल तर चांगल्या बाजूचे गुण धरायचे, पण दुसरी बाजू कमजोर आहे हे शेजारी लिहायचं. एकूण १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ आणि खाली गंभीर.

दुखवायचं कसं? खांद्याजवळचा मानेचा स्नायू चिमटीत धरून पिळायचा, किंवा भुवईच्या आतल्या टोकाखालच्या खाचेत अंगठा दाबायचा. चेहऱ्याचं हाड मोडलेलं वाटलं तर भुवई नको. छातीच्या हाडावर मुठीने रगडणं सोडून द्या. त्याने हात जागेवर जातोय की नुसता वाकतोय हे नीट कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी छातीवरचे वळ पाहून नातेवाईक भांडायला येतात ते वेगळंच. मानेपाशी चिमटा घेतल्यावर हात गळ्याच्या हाडाच्या वर आला तरच ५ द्या.

'माझा हात दाब' म्हणून हातात हात देऊ नका. बेशुद्ध माणूसही हातात आलेलं बोट आपोआप पकडतो. 'जीभ बाहेर काढ' किंवा 'दोन बोटं दाखव' असं सांगा. भाषा तर इथे फारच महत्त्वाची. विदर्भातून आलेल्या डॉक्टरने प्रमाण मराठीत विचारलं आणि मालवणातल्या आजीने उत्तर दिलं नाही, तर तिला गोंधळलेली ठरवू नका. सिस्टरना विचारायला सांगा, "जीभ भायर काड बघया", "तू आता खंय आसस?" आंब्याच्या बागेतले गडी आणि मच्छीमार बोटींवरचे खलाशी पुष्कळदा नेपाळी असतात. त्यांच्यासोबत आलेल्या साथीदाराला दुभाषा करा. कानाने कमी ऐकणारा, डोळे सुजून मिटलेला, नळी घातलेला अशा रुग्णाला त्या भागात एक गुण देऊन मोकळं होऊ नका, 'तपासता आलं नाही' असं स्पष्ट लिहा.

आणि दारू. शिमग्यात, गणपतीत, लग्नसराईत दारूचा वास हा नित्याचा. 'प्यायलाय, उतरली की उठेल' या वाक्याने किती माणसं गेली असतील कुणास ठाऊक. नियम एकच. शुद्ध कमी असेल तर ती मारामुळेच कमी आहे असं धरायचं. सोबत ग्लुकोमीटर लावायचाच. साखर कमी असलेला माणूस दुचाकीवरून पडतो आणि पडलेला दिसतो, पण आजार साखरेचा असतो.

जीसीएस एकदा मोजून काही होत नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत दर अर्ध्या तासाने, त्यानंतरही दोन तास दर अर्ध्या तासाने, मग चार तास तासातासाला, पुढे दर दोन तासांनी. हालचालीचा एक गुण कमी झाला तरी धावपळ करण्यासारखी गोष्ट आहे. कानशिलाजवळचं हाड मोडून त्याखालची धमनी फाटते, तेव्हा माणूस आधी बेशुद्ध पडतो, मग शुद्धीवर येतो, चहा मागतो, आणि दोन-तीन तासांनी घोरायला लागतो. नातेवाईक म्हणतात, दमून झोपला. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामधली ही गुठळी वेळेवर काढली तर रुग्ण चालत घरी जातो, म्हणूनच ती हुकणं सगळ्यात वाईट.

बाहुल्या, कान, नाक

टॉर्च हवी, मोबाइलचा झगझगीत दिवा नको. दोन्ही बाहुल्यांचा आकार मिलिमीटरमध्ये आणि प्रकाशाला आकसतात की नाही ते लिहा. बेशुद्ध रुग्णाची एक बाहुली मोठी होऊन आकसेनाशी झाली, तर बहुतेक वेळा त्याच बाजूला मेंदू खाली सरकतो आहे. वृद्धांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाहुली वेडीवाकडी असू शकते, घरच्यांना विचारून घ्या. दोन्ही डोळ्यांभोवती काळं, कानामागे निळं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळणं ही तळ फुटल्याची लक्षणं. कानात बोळा कोंबू नका, वर नुसतं गॉज ठेवा. बीपी चढत जाणं, नाडी मंदावणं आणि श्वास अनियमित होणं हे तिन्ही एकत्र दिसलं तर आतला दाब टोकाला गेलेला आहे. अशा वेळी बीपी उतरवायची गोळी किंवा इंजेक्शन देणं म्हणजे मेंदूचं उरलंसुरलं रक्त तोडणं.

बीपी कमी असेल तर डोक्याकडे बघू नका

मोठ्या माणसाचं बीपी निव्वळ मेंदूच्या मारामुळे पडत नाही, पडलंच तर अगदी शेवटच्या घटकेला. म्हणून बीपी ८० असेल तर रक्त दुसरीकडे सांडतं आहे. पोट, छाती, कंबरेचं हाड, मांडी तपासा. माडावरून किंवा आंब्यावरून पडलेल्या माणसाला बरगड्या, पाठीचा कणा आणि टाच या तिन्ही ठिकाणी हात लावून पाहा. डोक्याच्या कातडीची जखमही दुर्लक्षित राहते. पट्टीवर पट्टी गुंडाळत राहतात आणि रक्त उशीखाली साचत असतं. जाड धाग्याने कातडीचे सगळे थर घेऊन चटकन टाके मारा, सुबकपणा नंतर. तान्ह्या मुलात तर एवढ्या रक्तस्रावानेही शॉक लागतो.

ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे वरचं बीपी ५० ते ६९ वयाला किमान १००, आणि १५ ते ४९ किंवा ७० च्या वर असलेल्यांना किमान ११० हवं. पोटातल्या रक्तस्रावात बीपी थोडं कमी चालवून घेण्याची पद्धत आहे, ती डोक्याचा मार असेल तिथे लागू करू नका. नॉर्मल सलाइन वापरा. ५ टक्के डेक्स्ट्रोज नको, त्यातली साखर वापरली जाऊन उरलेलं पाणी मेंदूत सूज वाढवतं. रक्ताची सोय लवकर लावा. बीपी सांभाळलं गेलं की पलंगाचा वरचा भाग ३० अंशांनी वर, मान सरळ मध्ये. कण्याची शंका असेल तर पाठ न वाकवता अख्खा पलंग डोक्याकडून तिरका करा.

औषधं : जी द्यायची, आणि जी देऊ नये

मॅनिटॉल आजही सवयीने लावलं जातं, दर आठ तासांनी १०० मिली. हे थांबायला हवं. त्याची जागा एकच. बाहुली मोठी झाली, जीसीएस घसरला, हातपाय ताठ व्हायला लागले आणि रुग्णाला सर्जनपर्यंत पोचवायचं आहे, तेव्हा. २० टक्क्यांच्या १०० मिलीमध्ये २० ग्रॅम असतं. मात्रा किलोला पाव ते एक ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला अर्ध्या ग्रॅमच्या हिशोबाने १५० मिली, १५-२० मिनिटांत. आधी कॅथेटर (लघवीची नळी) घाला, कारण लघवी भरपूर होणार. बीपी कमी असेल तर मॅनिटॉल देऊच नका, ३ टक्के सलाइन असेल तर ते २५० मिली द्या. एसीत ठेवलेल्या मॅनिटॉलच्या बाटलीत खडे धरतात. गरम पाण्यात ठेवून ते पूर्ण विरघळवा, मग शरीराइतकी निवली की लावा. खडे दिसणारी बाटली लावायची नाही.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आवरणारं औषध मार लागल्यापासून तीन तासांच्या आत. १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत. २०१९ च्या क्रॅश-३ चाचणीत १२ हजारांहून जास्त रुग्ण होते. एकंदर निकाल निर्णायक नव्हता, पण सौम्य आणि मध्यम मारात लवकर दिल्यास फायदा दिसला. अत्यंत गंभीर रुग्णांत दिसला नाही. समुद्रात खोलवर अपघात झालेला खलाशी बंदराला लागेपर्यंत तीन तास उलटून गेले असतील तर याच्या मागे लागू नका.

स्टेरॉइड नाही. १० हजार रुग्णांच्या क्रॅश चाचणीत २००४ साली स्टेरॉइड दिलेल्या गटात जास्त माणसं दगावली. तरीही डेक्सा या स्टेरॉइडची कुपी फोडली जाते, 'सूज कमी होईल' म्हणून.

फिट येत असेल तर लोराझेपॅम ४ मिलिग्रॅम शिरेतून, किंवा शीर मिळत नसेल तर मिडाझोलॅम १० मिलिग्रॅम मांडीत. त्यानंतर फेनिटॉइन किलोला २० मिलिग्रॅम, फक्त नॉर्मल सलाइनमधून, मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने नाही. घाई केली तर बीपी पडतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. लेव्हेटिरासिटॅम असेल तर ते सोपं.

तडफडणाऱ्या रुग्णाला झोपेचं इंजेक्शन देण्याआधी पाहा : सॅच्युरेशन कमी आहे का, बीपी कमी आहे का, हाड मोडलंय का, मूत्राशय भरलंय का. कॅथेटर घातल्याबरोबर शांत झालेला रुग्ण ज्याने पाहिला तो हे विसरत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्या, डायक्लोफिनॅक टाळा. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि ताप आला तर तो लगेच उतरवणं, एवढं पुरे.

सीटी इथे, की थेट पुढे?

सौम्य मारात सीटी कुणाला, यासाठी २००१ चा कॅनडाचा नियम उपयोगी आहे. तो १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या, रक्त पातळ करणारी गोळी न घेणाऱ्या आणि फिट न आलेल्या रुग्णांसाठी आहे हे लक्षात ठेवा. मार लागून दोन तासांनीही जीसीएस १५ झाला नाही, कवटी फुटल्याची किंवा तळ फुटल्याची शंका, दोन किंवा जास्त उलट्या, वय ६५ किंवा जास्त, यातलं काहीही असेल तर सीटी. अपघाताआधीचा अर्ध्या तासाहून जास्त काळ आठवत नसेल, किंवा गाडीने उडवलं, गाडीतून बाहेर फेकला गेला, तीन फुटांवरून पडला, तरीही सीटी. या शेवटच्या अटीत माड, आंबा, पावसाळ्याआधी कौलं शाकारायला चढलेला माणूस आणि चिरेखाणीतला कामगार सगळेच आले. वॉरफॅरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याला माझ्या मते किरकोळ मारातही सीटी हवाच.

गंभीर रुग्णाचं गणित वेगळं. जीसीएस ७, एक बाहुली मोठी, तर सीटीत काय निघणार हे आधीच उघड आहे. शेजारच्या गावातल्या सेंटरला नेऊन फिल्मची वाट पाहण्यात तास जातो आणि जायचं ठिकाण बदलत नाही. त्याला स्थिर करून थेट न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी न्या.

वाटेत

सावंतवाडीहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज दीड-दोन तास. देवगडहून तीन तास सहज. कणकवलीहून कोल्हापूर म्हणजे घाट, आणि पावसाळ्यात दरड. घाट चालू आहे की नाही हे निघण्याआधी विचारा. तिथल्या कॅज्युअल्टीला फोन इथूनच करा, घाटात रेंज मिळेलच असं नाही.

ऑक्सिजनचा हिशोब कागदावर मांडा. गाडीतल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये पूर्ण भरलेला असताना साधारण १५०० लिटर असतं. मिनिटाला १० लिटरने ते अडीच तास पुरतं, १५ लिटरने एक तास चाळीस मिनिटं. काटा अर्ध्यावर असेल तर आकडेही अर्धे. बांद्याच्या पुढे पत्रादेवीच्या नाक्यापाशी सिलिंडर संपला तर सोबत बसलेला डॉक्टर काहीच करू शकत नाही. दुसरा सिलिंडर, चालू स्थितीतलं सक्शन, दोन चालू आयव्ही लाइन, ॲम्ब्यू आणि उघडता येईल असं मॅनिटॉल हे हाताशी ठेवून मगच दार लावा. वाटेत उलटी झाली तर अख्खं अंग एका रेषेत कुशीवर. काही करायची वेळ आली तर गाडी बाजूला घ्या, वळणावर हलत्या गाडीत सुई टोचायला जाऊ नका.

चिठ्ठीत अपघाताची वेळ, आल्यावरचा आणि निघतानाचा जीसीएस तीन भागांत, बाहुल्या, बीपी, सॅच्युरेशन, प्रत्येक औषध किती वाजता दिलं, आणि झोपेचं औषध देण्याआधीची शुद्ध. पोलिसांच्या कागदांसाठी उपचार अडवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं आहे. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद करा, पण गाडी तिच्यासाठी थांबवू नका. रुग्णाला आणून सोडणाऱ्या वाटसरूलाही मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे, त्याला नाव सांगायची सक्ती करू नका.

ज्यांना पाठवायचं नाही

जीसीएस १५, उलटी नाही, सीटी साफ किंवा सीटीची गरज नाही, अशा रुग्णाला देखरेखीनंतर घरी सोडता येतं. पण घर कुठे आहे ते विचारा. घरी एकटाच, किंवा वाडी अशा जागी की रात्री वाहन मिळत नाही आणि पाऊस आला की साकव पाण्याखाली जातो, तर रात्रभर ठेवून घ्या. 'झोपू देऊ नका' हे सांगू नका. झोपू द्या, मात्र पहिल्या रात्री अधूनमधून उठवून माणूस ओळख देतो का ते पाहा. वाढती डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, हातापायात कमजोरी, फिट, उठवून न उठणं, यांसाठी तातडीने परत. दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद, दुचाकी काही दिवस दुसऱ्याने चालवायची.

म्हाताऱ्यांसाठी आणखी एक. श्रावणात शेवाळलेल्या खळ्यात घसरलेली आजी गणपतीत माणसं विसरायला लागते, चालताना एक पाय ओढते. वय झालं म्हणून सोडून दिलं जातं. मेंदूवर हळूहळू साचलेली जुनी गुठळी असेल तर कवटीला छोटं भोक पाडून ती काढता येते. महिना-दीड महिना मागे पडणं झालं होतं का, एवढा प्रश्न विचारा.

शस्त्रक्रिया होऊन परत आलेले रुग्ण टाके काढायला आपल्याकडेच येतात. त्यांचा कागद नीट वाचा. फिट आलेली नसताना फक्त प्रतिबंध म्हणून सुरू केलेलं फेनिटॉइन सहसा सात दिवसांसाठी असतं, आणि पुष्कळ जण ते चार-सहा महिने घेत राहतात, कारण बंद करा असं कुणी सांगितलेलंच नसतं. न्यूरोसर्जनला फोन करून खात्री करा आणि बंद करण्याची तारीख केसपेपरवर ठळक लिहा.